मारेनच्या वर्गातली मुक्त बैठक

तो कप आधी खाली ठेव आणि नुसतं ऐक. मध्येच "पण का?" विचारू नकोस. 

माझ्या शेजारच्या वर्गावर मारेन आहे ना, तिसरीची बाई? उंच, घाबरट, सारखी सॉरी म्हणणारी. दाराला खांदा लागला तर दारालासुद्धा सॉरी म्हणते. तिची गोष्ट सांगतेय.

ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आधी, आम्हा सगळ्या शिक्षकांना जिममध्ये बसवलं होतं. कुणी एक तज्ज्ञ आले होते. पांढरेशुभ्र बूट, गालाला चिकटलेला माइक. इकडून तिकडे धावत सांगत होते, "खुर्ची ही मुलाला दिलेली शिक्षा आहे! त्याला लोळू द्या, डुलू द्या, उभं राहू द्या! कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या! याला म्हणतात मुक्त बैठक!" आणि हे आम्ही अख्खी सकाळ घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसून ऐकलं. माझ्या डाव्या पायात जीव उरला नव्हता.

डॉ. रेनफ्रो पहिल्या रांगेत. आमच्या सगळ्या शाळांच्या नव्या सुपरिंटेंडंट, नुकत्याच ॲरिझोनाहून आलेल्या. त्या एकदम उठल्या आणि म्हणाल्या, "मला हे आपल्या शाळेत हवंय! कोण सुरुवात करतंय?"

आता आपल्याकडे मिनेसोटात असं विचारल्यावर कोणी हात वर करतं का? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. डॉ. रेनफ्रोंना वाटलं, वा, किती विचार करतायत! शेवटी आमचे प्रिन्सिपल क्विस्ट सर हसत म्हणाले, "आमची मारेन फार उत्साही आहे."

मारेन तेव्हा पाय मोकळे करायला नुसती उभी राहिली होती गं.

पण तिला नाही म्हणता येईना, कारण तिचं हे तिसरं वर्ष. आमच्याकडे पहिली तीन वर्षं नोकरी कच्ची. वसंतात स्कूल बोर्ड मत देतं, पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं. घरी पाठवलं तर का पाठवलं तेही धड सांगत नाहीत. आणि मारेनला लहानपणापासून मधुमेह. इन्शुलिन मिळतं ते शाळेच्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की पुढचं तुला सांगायला नको.

"नव्या फर्निचरसाठी काही मिळेल का?" तिने क्विस्ट सरांना विचारलं.

"मिळणार ना! गावाचं प्रेम मिळेल," सर म्हणाले. "चर्चच्या पत्रकात टाकू. लोकांची गराजं भरून वाहतायत."

आणि वाहत वाहत सगळं तिच्या वर्गात आलं. व्यायामाचे मोठे चेंडू आले. डुगडुगणारी स्टुलं आली. दाताच्या डॉक्टरने बाहेरच्या खोलीतल्या बीनबॅगा दिल्या. कोणीतरी ट्रॅक्टरची सीट दिली, नुसती सीट, खाली काही नाही. टकर नावाचा एक मुलगा आहे, त्याच्या बाबांनी बर्फावरच्या मासेमारीच्या बादल्या दिल्या, झाकणावर गादी शिवलेल्या. आणि क्विस्ट सरांनी स्वतःच्या तळघरातला सोफा दिला. मस्टर्डच्या रंगाचा. त्याच्यावर बसलं की माणूस आत जातो आणि मग त्याला दोघांनी ओढून काढावं लागतं.

"हे सगळं घेतलंस तू?" मी तिला विचारलं.

"मग काय करू, टेस? प्रेमाने दिलंय लोकांनी. परत कसं करायचं?"

"आणि डेस्क-खुर्च्या?"

"त्या फक्त बाजूला ठेवायच्यात. नाही जमलं तर परत आणू."

बाजूला ठेवायच्या होत्या. पण आपल्या गावात कोणाकडे ना कोणाकडे पिकअप ट्रक रिकामाच असतो. संध्याकाळच्या आत खुर्च्यांसकट डेस्कं माजी सैनिकांच्या क्लबात, बिंगोच्या हॉलमध्ये जाऊन बसली. तिथे खुर्च्या कमी पडत होत्या म्हणे.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मारेन मुलांना म्हणाली, "तुम्हाला जिथे आवडेल तिथे बसा." सगळा वर्ग सोफ्यावर गेला. म्हणजे सोफ्यावर मुलं, मुलांवर मुलं, आणि सगळ्यांत खाली ब्रायर, त्याचा फक्त एक बूट दिसत होता.

मग मारेनने पाळी लावली. पाळी लावल्यावर बाजार सुरू झाला. ओडेसा म्हणून एक मुलगी आहे, एवढीशी, पुढचे दात पडलेली, आणि जे मनात येईल ते तोंडावर. तिने सगळा धंदाच हातात घेतला. "सोफा हवा? मग तुझं चीज दे. बादली? बादली फुकट घे, बादली कोणालाच नकोय." मारेनने तिला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ओडेसा, अगं असं विकायचं नसतं."

"पण मिस, मला स्वतःला यातलं काहीच नकोय."

"मग काय हवंय तुला?"

"खुर्ची. पाय टेकतात ती. आणि माझी. रोज तीच."

मारेन हसली. मला स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, "बघ ना, किती गोड आहे." मीही हसले. तेव्हा हसू येत होतं.

आता पुढचं नीट ऐक. नोव्हेंबरमधली गोष्ट. मी माझ्या वर्गात वजाबाकी शिकवतेय. तिकडे टकरने नुकतीच पेन्सिल तासली, मागच्या खिशात टोक वर करून खोचली, आणि धावत येऊन चेंडूवर बसला.

धाड!

अगं, आवाज कसला! आणि आपल्या शाळांमध्ये असा बंदुकीच्या गोळीसारखा आवाज आला की काय करायचं ते पहिलीतल्या पोरालाही पाठ असतं. मी दिवे घालवले, दार लावलं, माझी मुलं डेस्कांच्या खाली गेली, एकही रडलं नाही. ते न रडणंच बघवत नाही. सगळ्या कॉरिडॉरमध्ये कुलपांचे आवाज, खट खट खट. ऑफिसने पोलिसांना फोन केला. आणि मारेन तिकडे ओरडतेय, "चेंडू होता! सॉरी! फक्त चेंडू होता!" पण नियम असा की बाहेरून कोणी काहीही म्हटलं तरी दार उघडायचं नाही. कोणी उघडलं नाही. मीही नाही.

आणि तिची मुलं? त्यांनाही सगळं पाठच. पण खाली लपायला डेस्कच नव्हतं ना. ती बिचारी सोफ्यामागे एकमेकांना धरून बसली, आणि ओडेसा डोक्यावर बादली घालून.

पोलीस आले, त्यांच्या मागून आगीच्या बंबाचे लोक आले. चेंडूची चिंधी बघून सगळे हसले. बाहेर आयाबाप थंडीत उभे. सगळं निस्तरल्यावर एका पोलिसाने दमून बीनबॅगवर बूड टेकलं. जाडजूड माणूस, पट्ट्याला बंदूक, वॉकीटॉकी, काय काय. शिवण उसवली. आतले पांढरे मणी फुस्सकन बाहेर आले आणि वर उडाले. हिवाळ्याची कोरडी हवा, लोकरीचे स्वेटर, ते मणी जे चिकटले ते निघेनात. पोरं कॅंटीनमध्ये गेली, मणी कॅंटीनमध्ये गेले. त्या दिवशी जेवणाला हॉटडिश होती, बटाटे-खिमा घालून भाजलेली, तिच्यातही होते. मी खाल्लेत.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग रिकामा व्हायला लागला. चेंडू गेले, ते उघडच होतं. मण्यांवर नर्स म्हणाली, "एखाद्याच्या नाकात गेला म्हणजे?" बीनबॅगा गेल्या. आगवाल्यांचा साहेब सोफ्यापाशी थांबला होता, तो म्हणाला, "यावर आग न लागण्याचा शिक्का नाही. हलवा." मारेन कुजबुजली, "पण हा प्रिन्सिपलांचा आहे." तो म्हणाला, "बाई, आगीला ते कळत नाही." सोफा गेला आणि क्विस्ट सर तिच्याशी आठवडाभर फारच गोड बोलत होते. आपल्याकडे तेवढं गोड बोलले की समजायचं, राग आलाय.

मग हीटर जोरात सुरू झाले. आणि एका बादलीत गादीखाली गेल्या हिवाळ्यातले गळाला लावायचे छोटे मासे तसेच राहिले होते. मी वर्णन करत नाही, तू खातेयस. बादल्या गेल्या, वास गालिच्यात मुरला, म्हणून गालिचाही गेला. डुगडुगणारी स्टुलं तेवढी उरली होती. त्यांवरून मारामारी झाली, ब्रायरचा ओठ फुटला. तीही गेली. ट्रॅक्टरची सीट कधी गेली ते कोणालाच कळलं नाही. कोणीतरी ट्रॅक्टरलाच परत लावली असेल.

खाली फरशी उरली. आपली जानेवारीतली फरशी! मुलं आपापल्या जाड स्नोपॅंटा घडी करून त्यांवर बसायची आणि पोटावर झोपून लिहायची. सुट्टीत बर्फात खेळून आली की त्या पॅंटा ओल्या. मग ओल्यावर बसायची.

"जाऊन डेस्कं घेऊन ये ना!" मी तिला म्हटलं. "बिंगोच्या हॉलमध्येच आहेत की!"

"त्यांना दिलीयत गं आपण. मागायची कशी?"

"तोंडाने!"

शेवटी मार्चमध्ये मीच तिला गाडीत घालून नेलं. हॉलमध्ये सगळ्या आज्या तिसरीच्या चिमुकल्या खुर्च्यांवर, गुडघे कानाशी, समोर बिंगोची कार्डं. व्हर्ना तिथली मुख्य, दंडावर बोटीचं गोंदण. तिने मारेनकडे बघितलं आणि तिला कळलंच.

"डेस्कं हवीयत ना पोरी तुला? ने."

तू आपल्यातलीच आहेस, तुला माहितीये. आपण पहिल्यांदा हो म्हणत नाही. समोरच्याने तीनदा म्हणायचं, आपण दोनदा नाही म्हणायचं, मग लाजत घ्यायचं. मारेन म्हणाली, "छे छे, राहू देत हो. तुमची अडचण होईल."

"कसली अडचण? आमचे गुडघे सुटतील. ने खरंच."

"नाही हो, तुम्हालाच लागतात ती. मी आपली सहज आले होते."

व्हर्नाने तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं. मी पाहिलं, उघडलं होतं! आणि मागून एक आजी किंचाळली, "बिंगो!" दुसरी ओरडली, "खोटं! तो नंबर पुकारलाच नाही!" झालं. व्हर्ना तिकडे धावली. आम्ही उभ्या राहिलो. भांडण वाढलं, कोणीतरी कॉफी सांडली, एकीने दुसरीचं कार्ड फाडलं. व्हर्ना आमच्याकडे परत आलीच नाही.

"तू बोल ना आता!" मी मारेनला चिमटा काढला.

"दोनदा नाही म्हटलंय मी. आता मीच कशी मागू? कसं दिसेल ते?"

आणि मी? मी मागितली असती ना. पण डेस्कं माझी नव्हती. तेही बरं दिसत नाही.

मग ती क्विस्ट सरांकडे गेली. सर म्हणाले, "हवी असतील तर आणूया की. मी रेनफ्रो मॅडमना कळवतो, प्रयोग फसला म्हणून. बोर्डालाही कळवावं लागेल. तुझ्या नोकरीवरचं मतदान याच महिन्यात आहे ना?" अगदी मऊ आवाजात. वर तिला कुकी दिली. तिला साखर चालत नाही, तरी दिली.

मारेन परत वर्गात आली आणि फरशीवर बसून भागाकार शिकवायला लागली.

आणि डॉ. रेनफ्रो अचानक आल्या, मी कॉरिडॉरमधून बघत होते. सोबत बोर्डाचे दोन लोक. मारेन पांढरी पडली. मुलं सगळीकडे पसरलेली, कोणी पोटावर, कोणी पाठीवर, कोणी भिंतीला पाय लावून. डॉ. रेनफ्रो दारातच थांबल्या.  मग बघते तर त्यांच्या डोळ्यांत पाणी!

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काहीच ठेवलं नाहीत. ते तज्ज्ञसुद्धा इथवर पोचले नव्हते!"

"सॉरी," मारेन म्हणाली.

"सॉरी काय म्हणताय! ही पुढची पायरी आहे!"

बोर्डातल्या एका माणसाने खाली वाकून टकरला विचारलं, "बाळा, इथे बसायला कसं वाटतं?"

"कूल."

"मस्त म्हणतोय!" डॉ. रेनफ्रो म्हणाल्या. मस्त वाटलं की पोरं 'कूल' म्हणतात खरं, पण हा थंडी वाजतेय म्हणत होता. त्याच्या ओठांचा रंग तरी बघायचा ना बाई!

मग बोर्डाची सभा. आम्ही सगळे शिक्षक होतो, तिच्या वर्गातल्या मुलांचे आयाबाप होते. डॉ. रेनफ्रोंनी पडद्यावर फोटो दाखवले. पोटावर झोपलेली मुलं फोटोत फार सुंदर दिसत होती गं, ओल्या पॅंटा दिसत नाहीत ना फोटोत. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी सगळी शाळा अशी करायची. आम्ही शिक्षक एकमेकांकडे बघतोय. अध्यक्षांनी विचारलं, "पालकांची काही तक्रार?"

कोणी हललं नाही. घरी त्यांनी काय काय शिव्या दिल्या होत्या ते मला माहितीये, मला फोन यायचे. पण माइकवर जाऊन सगळ्यांत आधी कोण बोलणार?

ओडेसा बोलली. आईचा हात सोडून सरळ माइकपाशी गेली. माइक उंच होता, ती टाचा उंच करून उभी राहिली आणि म्हणाली, "मला खुर्ची हवीय. माझी पाठ दुखते. सगळ्यांची दुखते. बिंगोच्या आज्यांकडे आहेत आमच्या."

सगळे हसले. प्रेमाने हसले. दुर्दैव तेच. कोणीतरी "किती गोड!" म्हणालं. पण डॉ. रेनफ्रो हसल्या नाहीत. बाई तशा वाईट नाहीत गं. त्यांनी मारेनकडे वळून अगदी खरं विचारलं, "मारेन, ही खरं सांगतेय का? मुलांना त्रास होतोय?"

त्याच सभेत पुढचा विषय मारेनचा होता. पर्मनंट करायचं की नाही.

मारेन उठली. मी तिच्या मागेच होते. तिच्या पाठीवर घाम दिसत होता. ओडेसा माइकपाशी उभी, तिच्याकडे बघतेय, तोंड जरासं उघडं, आता मिस सांगतील म्हणून.

"ओडेसाला," मारेन म्हणाली, "गंमत करायची सवय आहे."

पुन्हा सगळे हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या. ओडेसाने एकदा लोकांकडे बघितलं, एकदा मारेनकडे, आणि चालत आईपाशी गेली. मत झालं. मारेन पर्मनंट. सगळ्यांचे हात वर.

पुढच्या वर्षाची वाट कोण बघतंय? सोमवारी सकाळीच ट्रक आले, सगळ्या वर्गांची डेस्कं न्यायला. माझी चढत होती आणि मी तणतणत मारेनच्या वर्गाकडे निघाले. म्हटलं, आज हिला सोडत नाही, एक शब्द शिल्लक ठेवत नाही. दारात पोचले तर वर्ग अजून भरलेला नाही. आत फक्त ओडेसा आणि मारेन. मारेन तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलेली.

ओडेसा म्हणत होती, "मिस, मी गंमत नव्हते करत."

"माहितीये मला."

"मग तुम्ही तसं का सांगितलंत?"

मारेन तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "सॉरी." या वेळी खरंच म्हणाली. त्या पोरीने मान हलवली, आपली स्नोपॅंट घडी केली आणि कोपऱ्यात जाऊन तिच्यावर बसली.

मी आले तशी परत फिरले.  स्टाफरूममध्ये सगळ्या तिच्याशी हल्ली फार गोड बोलतात, आणि मला अजून ठरवता येत नाहीये, गोड बोलू की खरं बोलू. म्हणून तुला विचारतेय. तुझं इन्शुलिन त्या नोकरीवर, पुढ्यात सगळं गाव, आणि ती पोर तुझ्या तोंडाकडे बघतेय. तू काय केलं असतंस? नाही, लगेच नको सांगूस. आधी विचार कर.